जुन्या गाडीचा साइड स्टँड: माप, शोध आणि जोडणी

जुन्या बुलेटचा, येझदीचा किंवा आरएक्स शंभरचा साइड स्टँड मोडला, की मालक दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगतो, दुकानदार माळ्यावरून एक स्टँड काढून देतो, आणि घरी येऊन तो बसवल्यावर गाडी एक तर जमिनीकडे कलंडते किंवा खांबासारखी ताठ उभी राहते. यात दुकानदाराचा दोष थोडाच असतो. तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या गाडीचे टायर मूळ मापाचे राहिलेले नसतात, मागचे शॉकअप दुसऱ्याच गाडीचे असतात, पुढच्या फोर्कच्या स्प्रिंग बसलेल्या असतात, आणि त्यामुळे कारखान्याने ठरवलेली स्टँडची लांबी त्या गाडीला आता लागू पडत नाही. म्हणून स्टँड शोधायला निघण्यापूर्वी आपली गाडी आज जमिनीपासून किती उंचीवर उभी आहे, हे मोजून कागदावर उतरवून घ्यावे. नाव नंतर सांगितले तरी चालते.

नावाने होणारा घोटाळा आणखी एका कारणाने वाढतो. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, आणि आरएक्स शंभरचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. त्यानंतर मूळ भाग म्हणून जे मिळते, ते दुकानांत पडून राहिलेला जुना माल तरी असते किंवा नंतर कोणी तरी बनवलेली नक्कल तरी. जावा हे नाव 2018 मध्ये आणि येझदी 2022 मध्ये बाजारात परत आले खरे, पण त्या गाड्यांची चेसिस वेगळी आहे. नाव सारखे म्हणून त्यांचा स्टँड मागवू नये. बुलेटच्या बाबतीत गिअर कोणत्या बाजूला आहे हे आवर्जून सांगावे, कारण उजव्या गिअरच्या जुन्या बुलेटमध्ये डाव्या बाजूला ब्रेकचे पायडल येते आणि घडी घातलेला स्टँड त्याला अडला तर मागचा ब्रेक पुरता दाबला जात नाही.

मोडलेला स्टँड काढल्यावर पहिली नजर स्टँडकडे न टाकता चेसिसच्या कानाकडे टाकावी. स्टँडचा बोल्ट ज्या छिद्रातून जातो, ते छिद्र असलेली चेसिसची पाती म्हणजे हा कान. आपल्याकडे गाडी साइड स्टँडवर असतानाच तिच्यावर बसून किक मारायची सवय सर्रास आहे, आणि गाडीचे वजन, माणसाचे वजन आणि किकेचा धक्का हे तिन्ही त्या एका कानावर येतात. बुलेटसारखी दीडशे किलोच्या वरची गाडी असेल, तर काही वर्षांत कान बाहेरच्या बाजूला वाकतो, छिद्र लांबट होते, आणि मग कितीही चांगला स्टँड आणला तरी तो लुळा पडतो. हे तपासण्यासाठी नवा, सरळ बोल्ट छिद्रात घालून हलवून पाहावा. बोल्टाचे डोके नजरेला दिसेल इतके वरखाली होत असेल, तर छिद्र टर्नरकडून गोल वाढवून घेऊन त्यात पोलादी बुश, म्हणजे आखूड नळी, ठोकून बसवावा. कान वाकलेला असेल तर तो हातोड्याने थंड सरळ करू नये. जुने लोखंड मुळाशी तडकते, आणि रंगाखाली गेलेली चीर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळतही नाही. किनाऱ्यावरच्या गाड्यांना ही भीती अधिक असते, कारण खाऱ्या हवेने गंज आधी सांध्यांत शिरतो.

आता मापे. टायरमध्ये योग्य हवा भरावी, टाकी अर्धी भरलेली असावी, आणि गाडी दोन्ही चाकांवर सपाट कोब्यावर उभी करून दुसऱ्या माणसाने ती धरावी. डबल स्टँडवर घेतलेले माप उपयोगाचे नाही, कारण तेव्हा एक चाक हवेत असते आणि शॉकअपवर नेहमीचे वजन नसते. मग गाडी डावीकडे हळूहळू कलवत न्यावी. माझ्या अनुभवात 10 ते 12 अंशांचा कल सोयीचा पडतो. तो मोजण्यासाठी मागच्या रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला एक सरळ पट्टी टेकवून तिच्यावर मोबाइल धरला, की फोनमधले पाणसळीचे अॅप आकडा दाखवते. त्या अवस्थेत बांबूची एक कामटी कानाच्या छिद्राच्या मध्यापासून, बाहेर आणि किंचित पुढच्या चाकाच्या दिशेने, जमिनीला टेकवावी आणि कोयतीने थोडी थोडी तासत नेमकी बसती करावी. ही कामटी म्हणजेच आपल्या स्टँडची लांबी. तिच्यावर पेनाने गाडीचा नंबर लिहून ठेवावा आणि खरेदीला जाताना तीच सोबत न्यावी. टेपने घेतलेल्या मापाबद्दल दुकानात वाद होतात, पण कामटी शेजारी धरल्यावर होत नाहीत.

लांबीतला लहानसा फरक किती महाग पडतो, हे मी स्वतःच्या येझदीवर शिकलो. स्टँडचे पाऊल टायरच्या रेषेपासून साधारण 28 सेंमी दूर पडत असेल, तर 1 सेंमी लांबी वाढल्याने गाडीचा कल सुमारे 2 अंशांनी कमी होतो. मी आणलेला स्टँड 2 सेंमी लांब होता. म्हणजे चार अंश गेले, आणि अंगणाला उजवीकडे असलेल्या उताराने उरलेसुरले काम केले. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला तेव्हा गाडी उजव्या बाजूला पडली, त्या बाजूचा सायलेन्सर चेपला आणि पुढच्या ब्रेकची मूठ वाकली. उलट स्टँड तोकडा असेल, तर गाडी इतकी झुकते की उभी करताना कंबर धरते, आणि पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असल्यास कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकू लागते.

लांबीखेरीज चार मापे व्हर्निअरने घ्यावीत: कानाची जाडी, स्टँडच्या चिमट्यातील, म्हणजे कान ज्यांच्यामध्ये बसतो त्या दोन पात्यांमधील, मोकळी जागा, छिद्राचा व्यास, आणि चेसिसवरच्या स्प्रिंगच्या हुकापासून छिद्रापर्यंतचे अंतर. शेवटचे माप बहुतेक जण विसरतात आणि मग स्प्रिंग एक तर लोंबते, नाही तर ताणून तुटते.

शोध कोठे घ्यावा, याचा माझा क्रम असा आहे. प्रथम गावातले किंवा तालुक्याच्या ठिकाणचे सर्वांत जुने गॅरेज गाठावे, कारण अशा मिस्त्रींच्या खोलीत मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग वर्षानुवर्षे पडून असतात. तेथे नाही मिळाले, तर कोकणातून दोन वाटा निघतात. रत्नागिरीकडच्या माणसाला आंबा घाटाने कोल्हापूर जवळ पडते आणि तेथील उद्यमनगरात भाग मिळाला नाही तरी बनवून मिळतो. उत्तरेकडच्या माणसाला पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईतील कुर्ल्याचा बाजार सोयीचा. पार्सलने मागवणार असाल, तर पाठवण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागावा. चिमटा, छिद्र आणि पाऊल ही तिन्ही त्यात दिसली पाहिजेत. नुसत्या ‘ओरिजिनल आहे’ या शब्दावर पैसे पाठवू नयेत.

हातात आलेला स्टँड ओतीव लोखंडाचा आहे की पोलादाचा, हे जरूर पाहावे. ग्राइंडरला कोपरा लावल्यावर पोलादाच्या ठिणग्या लांब आणि उजळ उडतात, तर ओतीव लोखंडाच्या आखूड आणि तांबूस. ओतीव स्टँड स्वस्त असतो, पण तो वाकत नाही, सरळ मोडतो, आणि साध्या वेल्डिंगच्या कांडीने जोडल्यास जोडाच्या बाजूलाच पुन्हा तडकतो. तो न घेणेच बरे.

दुसऱ्या गाडीचा स्टँड लावण्यात कमीपणा नाही, मात्र लांब स्टँड आणून कापावा, तोकडा आणून जोड देऊ नये. तळाचे पाऊल कापून, दांडा हवा तितका कमी करून, पाऊल जमिनीशी समांतर बसेल अशा कोनात पुन्हा वेल्ड करावे. आधी दोन ठिकाणी टाके मारून स्टँड गाडीला लावून पाहावा, कल मोजावा आणि मगच वेल्डिंग पूर्ण करावे. वेल्डिंग शक्यतो स्टँड काढूनच व्हावे. कानावरच काम असेल, तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, बॅटरीच्या तारा सोडाव्यात, आणि वेल्डरचा अर्थिंगचा चिमटा कानाच्या अगदी जवळ लावायला सांगावा, म्हणजे वीज चाकांच्या बेअरिंगमधून फिरत नाही.

बोल्टाच्या आट्यांबद्दल एक इशारा. जुन्या बुलेटमध्ये ब्रिटिश मापाचे आटे सापडतात आणि पाच-सोळांश इंची बोल्ट 7.94 मिमी भरतो. म्हणजे आठ मिमीचा बोल्ट त्या जागी दिसायला चपखल. तो एक-दोन फेरे जातोही, आणि मग अडतो. तेथे पान्याला नळी लावून जोर करणाऱ्या मिस्त्रीच्या हातून पाना काढून घ्यावा. बोल्ट असा निवडावा की कानातून आणि चिमट्यातून जाणारा त्याचा भाग गुळगुळीत राहील आणि आटे बाहेर पडतील. आट्यांवर फिरणारा स्टँड छिद्राला कानशीसारखा खातो. नट आतून नायलॉनची कडी असलेला घ्यावा, किंवा खाचेचा नट आणि त्यात स्प्लिट पिन. तो इतकाच आवळावा की स्टँड सहज फिरेल, पण बाजूला डुलणार नाही.

स्प्रिंगची जागा समजून घेतली, तर पुढचे सगळे सोपे होते. स्टँड अर्ध्यावर आला की स्प्रिंगची रेषा बोल्टाच्या मध्याला ओलांडून पलीकडे जाते, आणि म्हणूनच तीच स्प्रिंग स्टँड उघडा असताना उघडा आणि मिटलेला असताना मिटलेला ठेवते. ही ओलांडणी होत नसेल, तर हुक चुकीच्या जागी आहे असे समजावे. नवी स्प्रिंग ताणून लावताना हात सोलले जातात. त्यावर उपाय असा की स्प्रिंग शिकंज्यात धरून एका बाजूला वाकवावी, उघडलेल्या वेढ्यांत पातळ वॉशर सरकवावेत, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडेही तसेच करावे. लांबलेली स्प्रिंग सहज हुकात अडकते, आणि स्टँड उघडला की वॉशर टपाटप खाली पडतात. डोळ्यांवर चष्मा मात्र असावा.

उघडा स्टँड त्याच्या टेकूला टेकल्यावर पाऊल बोल्टाच्या सरळ खाली न राहता किंचित पुढे आले पाहिजे. ते सरळ खाली किंवा मागे पडत असेल, तर गाडी जराशी पुढे सरकताच स्टँड मिटतो. त्यामुळेच उतारावर गाडी चढाकडे तोंड करून आणि पहिल्या गिअरमध्ये लावावी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत मात्र हाही बंदोबस्त पुरत नाही. गिअर टाकून हँडलला हात ठेवूनच उभे राहावे.

पाऊल किती मोठे असावे, हे ज्याच्या त्याच्या अंगणावर आहे. कातळावर मूळचे पाऊल पुरते. पण जूनपासून तांबडी माती लोण्यासारखी होते आणि सारवलेल्या अंगणात तर उन्हाळ्यातही खळगा पडतो. अशा ठिकाणी पावलाखाली 5 मिमी जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी वेल्ड करून घ्यावी, कडा गोल घासाव्यात, आणि तिची जाडी दांड्याच्या लांबीतून आधीच वजा करावी. पट्टी बसवल्यावर स्टँड मिटवून गाडी एकदा डावीकडे कलवून पाहावी, म्हणजे वळणावर ती जमिनीला लागणार नाही याची खात्री होते. जुन्या गाड्यांना स्टँड उघडा राहिल्याचे सांगणारा स्विच नसतो; डाव्या वळणावर विसरलेला स्टँड रस्त्याला टेकून मागचे चाक उचलतो. ज्यांना विसरण्याची खोड आहे, त्यांनी दांड्याला पिवळा पट्टा मारण्यापेक्षा सरळ किल्लीच्या जुडग्याला ‘स्टँड’ लिहिलेली चकती बांधावी. माझ्या जुडग्याला ती आहे.

रंगापूर्वी झिंक प्लेटिंग करून घेतले तर खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळे अधिक निघतात. बोल्टाला पाण्याने न धुपणारे कॅल्शियम ग्रीस लावावे, आणि हर्णै-मुरूडच्या वाळूतून आल्यावर स्टँडची बिजागरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा ग्रीस भरावे. पहिल्या आठवड्यानंतर नट एकदा पान्याने तपासावा, कारण नवा बुश आणि नवा वॉशर बसताना थोडी जागा सोडतात.