ससे येणाऱ्या बागेत स्नोड्रॉप: लागवडीआधीची तयारी

बागेत रानटी ससे येतात म्हणून स्नोड्रॉपचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी कंदातून उगवणाऱ्या छोट्या पांढऱ्या फुलाचा, नाद सोडून देणारे लोक भेटले की मला मनापासून वाईट वाटतं. ट्युलिप आणि क्रोकस एका रात्रीत फस्त झालेले पाहिले की माणूस सगळ्याच कंदांवर फुली मारतो, ते समजण्यासारखं आहे. पण स्नोड्रॉप त्या पंक्तीतला नाही. तो नार्सिससच्या (डॅफोडिलच्या), म्हणजे अमॅरिलिडेसी कुळातला आहे आणि या कुळाच्या कंदांत, पानांत लायकोरिनसारखी कडू, विषारी अल्कलॉइडं असतात. याच स्नोड्रॉपच्या एका जातीतून 1950 च्या दशकात गॅलँटामाइन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि पुढे ते अल्झायमरच्या रुग्णांसाठी औषध म्हणून वापरात आलं. सशाला ही रसायनं रुचत नाहीत. फार भुकेला असेल तर एखादी कळी चावून बघेल आणि पुढे जाईल.

मग त्रास कुठे होतो? उकरण्यात. ससा स्नोड्रॉप खात नाही, पण ताजी, भुसभुशीत माती दिसली की त्याचे पाय स्वस्थ बसत नाहीत. कंद उघडे पडतात, वाऱ्याने सुकतात आणि दोष मात्र सशाच्या दातांना जातो. म्हणून या बागेतली सगळी तयारी माती आणि पहिले काही आठवडे यांच्याभोवती करायची. उंच कुंपणाचा विचार त्यानंतर, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

कंद मागवण्याआधी आठवडाभर सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिवेलागणीला बागेत फेरी मारा. ससे याच वेळांना बाहेर पडतात. कुठून येतात, कुठे थांबतात, कुंपणाखालून कुठल्या फटीतून आत शिरतात, हे पाहून कागदावर कच्चा नकाशा काढा. गवतात दबलेली अरुंद वाट दिसेल. ससे शक्यतो तीच वाट पुन्हा पुन्हा वापरतात. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या लेंड्यांचे ढीग जिथे दिसतील ती जागा नकाशावर ठळक करा. ससे अशा ढिगांनी आपली हद्द आखतात आणि त्यांच्या आसपास उथळ खड्डेही काढतात. स्नोड्रॉप तिथे नको.

नुकसान दिसलं तर ते कुणाचं, हेही आधीच ओळखायला शिका, नाहीतर चुकीच्या प्राण्यामागे लागाल. सशाने तोडलेलं देठ खाली वाकून नीट बघा: कात्रीने तिरपं कापावं तसा स्वच्छ छेद असतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते देठ ओढून तोडतं आणि टोक चिंध्या झाल्यासारखं दिसतं. गोगलगाय पानाला किंवा पाकळीला वेडीवाकडी भोकं पाडते आणि चिकट, चमकती रेघ मागे ठेवते. स्नोड्रॉपच्या फुलांना सशापेक्षा गोगलगायीचा उपद्रव जास्त होतो, असं माझं मत आहे.

आता जागा. पानगळीच्या झाडाखालची जागा या फुलासाठी सर्वात चांगली. हिवाळ्यात झाड उघडं असतं तेव्हा पानांना ऊन मिळतं, उन्हाळ्यात कंद झोपलेले असतात तेव्हा वर सावली असते आणि माती करपत नाही. ओल टिकली पाहिजे, पण पाणी साचता कामा नये. हिवाळ्यात जमीन चांगली गारठते अशाच हवामानात हे फूल रमतं. उष्ण प्रदेशात त्याच्यामागे लागू नये. ससे असलेल्या बागेत आणखी एक गोष्ट बघायची. दाट झुडपांच्या आणि कुंपणाच्या पायथ्याशी ससे निर्धास्त असतात, कारण लपायला जागा हाताशी असते. म्हणून पहिली लागवड माणसांची ये-जा असलेल्या वाटेच्या कडेला करा. फूलही जवळून दिसतं, आणि ते जवळूनच बघायचं फूल आहे: बाहेरच्या तीन लांब पांढऱ्या पाकळ्या, आत तीन आखूड, आणि आतल्या प्रत्येकीच्या टोकाशी हिरवा ठसा. चालता चालता दुरून पाहिलं तर तो हिरवा रंग दिसतच नाही.

जात निवडताना हात फार पसरू नका. पहिल्या लागवडीसाठी साधा गॅलँथस निव्हॅलिस घ्या (गॅलँथस हे स्नोड्रॉपचं शास्त्रीय नाव). पिरेनीज पर्वतापासून युक्रेनपर्यंत तो आपोआप वाढतो, गवतातही तग धरतो आणि एकदा रुजला की स्वतःच पसरतो. गॅलँथस एल्वेसीची पानं रुंद, राखाडी छटेची असतात आणि थोडी कोरडी, उजेडाची जागा त्याला चालते. गॅलँथस वोरोनोवीची पानं चकचकीत हिरवी असतात. दुहेरी पाकळ्यांचे प्रकार सुंदर दिसतात, पण त्यांना बी जवळजवळ धरत नाही. त्यांचा विस्तार फक्त कंद वेगळे करूनच होतो. ससे जिथे उकरतात तिथे बियांनीही पसरणारी जात हाताशी असलेली बरी, म्हणून माझा कौल साध्या एकेरीला.

खरेदीच्या वेळीच निम्मं यश ठरतं. स्नोड्रॉपचा कंद छोटा आणि साल पातळ, त्यामुळे जमिनीबाहेर तो लवकर सुकतो. शरद ऋतूत कोरडे कंद मिळतात. ते घेताना एकेक बोटांनी दाबून बघा. टणक आणि वजनदार लागला तर ठीक. पिचपिचीत, पोकळ किंवा बुरशीचा डाग असलेला बाजूला ठेवा. घरी आणल्यावर पिशवीत पडू देऊ नका, लगेच लावा. दुसरा मार्ग म्हणजे फुलं ओसरत आली की पानांसकट उपटलेले हिरवे झुपके आणून लावणे. मुळं जिवंत असतात, ओल असते, आणि कंद मेलेला निघण्याची धास्ती नसते. सशांच्या बागेत मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. हिरव्या झुपक्याला मुळांचा आधार असतो, त्यामुळे उकरलं तरी तो सुट्या कंदासारखा लगेच उघडा पडत नाही.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे कंद रोपवाटिकेत वाढवलेले आहेत की जंगलातून काढलेले? पूर्वी जंगली कंदांची इतकी उपसणी झाली की 1990 पासून स्नोड्रॉपच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडून घ्या.

मातीची तयारी लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी उरकायची, आणि याचं कारण ससेच आहेत. लागवडीच्या दिवशीच सगळा वाफा खणून मोकळा केला तर तो सशांसाठी आमंत्रणच. आधी खणा, दगड आणि तणांची मुळं काढा, पालापाचोळ्याचं चांगलं कुजलेलं खत मिसळा, पाणी द्या, आणि मग वाफा बसू द्या. पाऊस पडला की माती आपोआप दबते. चिकणमाती असेल तर जाडी भरड वाळू मिसळल्याने निचरा सुधारतो. हाडांचा चुरा इथे टाळा. त्याच्या वासाने कुत्री आणि कोल्हे येऊन उकरतात, मग सशाचं काम ते करून टाकतात. ताजं शेणखतही नको. कंद कुजण्याची भीती असते.

जाळी आधीच आणून कापून ठेवा, लागवडीच्या दिवशी धावपळ नको. फार सामान लागत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली, साधारण 25 मिलिमीटर भोकांची षटकोनी तारेची जाळी पुरते. वाफ्यापेक्षा चारही बाजूंनी हातभर मोठा तुकडा कापा. लागवड झाली की तो जमिनीवर सपाट अंथरायचा, कडा दुमडून मातीत दाबायच्या आणि दर दोन वितींवर तारेचे आकडे ठोकायचे. कडा सैल राहिली तर ससा तिथूनच नाक घालतो. स्नोड्रॉपची पानं आणि कळ्या त्या भोकांतून सहज वर येतात. जाळी काढायची घाई करू नका: उन्हाळ्यात पानं पूर्ण वाळून गेली, कंद झोपी गेले, की मगच अलगद उचला. पानं जाळीत अडकलेली असताना ओढली तर कंदच बाहेर येतो. तोवर माती बसलेली असते आणि मुळं धरलेली असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी बहुधा जाळीची गरज राहत नाही. बारीक प्लॅस्टिकची सैल जाळी मात्र अजिबात वापरू नका. त्यात छोटे प्राणी, पक्षी आणि खुद्द ससे अडकून हाल होऊन मरतात.

बागेत सशांना आवडणारी इतर रोपं असतील आणि कुंपण करणारच असाल, तर तेही पूर्ण करा. जाळी जमिनीवर मीटरभराहून उंच हवी, खालची साधारण 30 सेंटिमीटर जमिनीत गाडलेली, आणि तळाची 15 सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवलेली. ससा कुंपणाला अगदी चिकटून खणायला लागतो आणि त्या वळवलेल्या जाळीवर येऊन थांबतो. फाटकाखालची फट मात्र सगळे विसरतात. वासाच्या फवारण्यांवर फार विसंबू नका. पावसाने धुऊन जातात आणि पुन्हा पुन्हा माराव्या लागतात.

लागवडीच्या दिवशी खुरपी, पाण्याची झारी, नावाच्या पट्ट्या आणि हातमोजे जवळ ठेवा. कंदाचा चीक काहींच्या त्वचेला झोंबतो. कंद छोट्या कांद्यासारखे दिसतात, म्हणून ते स्वयंपाकघरात, मुलांच्या किंवा पाळीव कुत्र्या-मांजरांच्या हाताशी क्षणभरही ठेवू नका. पोटात गेले तर उलट्या, जुलाब होतात. सशाला विटवणारं विष माणसालाही सोडत नाही.

कोरडे कंद 7 ते 10 सेंटिमीटर खोल, टोक वर ठेवून, आणि एकमेकांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर लावा. खोल लावले की उकरणाऱ्या पंजांपासूनही थोडं संरक्षण मिळतं. सशाचे हे उथळ खड्डे बहुधा वरच्या थरातच असतात. हिरव्या झुपक्याची खोली मोजायला पट्टी लागत नाही. पानांच्या बुडाशी पांढरा भाग जिथे हिरवा होतो, तीच जुन्या मातीची रेघ. तिथपर्यंत माती आली पाहिजे. मोठा झुपका तसाच न पुरता दोन-तीन कंदांचे गट करून लावा. माती भरून तळहाताने घट्ट दाबा, भरपूर पाणी द्या, वर पालापाचोळ्याचा पातळ थर पसरा आणि लगेच जाळी अंथरा. रात्र मध्ये जाऊ देऊ नका. लावल्यानंतरच्या पहिल्या रात्रीच ससे नव्या मातीचा वास घ्यायला येतात. पहिला पंधरवडा रोज सकाळी वाफ्यावर नजर टाका. कंद उघडा पडलेला दिसला तर तसाच परत बसवून दाबा, पाणी द्या. वेळेत सापडला तर त्याचं काही बिघडत नाही.

उत्तर गोलार्धात फुलं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात. बर्फ पडलेला असेल आणि खायला दुसरं काही नसेल तर ससा चारदोन फुलं खुडून टाकतो. त्याने झुपका मरत नाही, पानं शाबूत असली की कंद पुढच्या वर्षाची शिदोरी साठवतो. हवा उबदार झाली, साधारण 10 अंशांच्या वर, की बाहेरच्या पाकळ्या फाकतात आणि वर्षातल्या पहिल्या मधमाश्या येतात. त्यांच्यासाठी तरी फुलांवर कुठलाही फवारा मारू नका. कोंबांवर राखाडी, लवदार बुरशी दिसली तर ते रोप कंदासकट उपटून कचऱ्यात टाका, खताच्या ढिगात नाही.

फुलं गेल्यावर पानं बांधू नका, कापू नका; ती पिवळी होऊन आपोआप आडवी पडेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, गवतावर यंत्र फिरवायचं नाही. एवढ्या काळात तिथलं गवत ससे कुरतडत असतील तर कुरतडू द्या. ते गवत खातात आणि स्नोड्रॉप सोडतात, यात आपलाच फायदा आहे. याच सुमारास बियांच्या बोंडांच्या भाराने देठं जमिनीवर टेकतात. बीला चिकटलेला छोटा मांसल भाग मुंग्यांना फार आवडतो. त्यासाठी त्या बी ओढून नेतात आणि दूर कुठेतरी टाकतात. तीन-चार वर्षांनी झुपके दाट होऊन फुलं कमी यायला लागली, की फुलं ओसरताच, पानं हिरवी असताना खणून काढा, हाताने सुटे करा आणि आधीच तयार ठेवलेल्या, दबलेल्या मातीच्या दुसऱ्या वाफ्यात त्याच दिवशी लावा. या नव्या वाफ्यालाही पहिला उन्हाळा येईपर्यंत जाळी लागेल. जुनी गुंडाळून ठेवली असेल तर तीच वापरा.