एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला: रिपोर्ट वाचण्यापासून लिव्हरच्या कॅन्सरवर नजर ठेवण्यापर्यंत

हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारा एका विषाणूचा संसर्ग, बहुतेकांना कळतो तो भलत्याच निमित्ताने. रक्तदान केलेलं असतं, गरोदरपणातली तपासणी असते किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त दिलेलं असतं. कागदावर 'एचबीएसएजी रिॲक्टिव्ह' (म्हणजे पॉझिटिव्ह) एवढीच ओळ दिसते, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल असतो आणि कोणीतरी सांगून मोकळं होतं, "तुम्ही फक्त कॅरिअर आहात." घोळ त्या 'फक्त'मध्ये आहे. हा विषाणू आपला डीएनए लिव्हरच्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसवतो. म्हणून यात सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) न होताही कॅन्सर होऊ शकतो, आणि तोवर माणसाला काहीच जाणवलेलं नसतं. कावीळ झाली नाही, म्हणजे आजार नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

रिपोर्टमधल्या तीन ओळी

एचबीएसएजी म्हणजे विषाणूचं बाहेरचं आवरण. ते पॉझिटिव्ह असेल तर विषाणू आत्ता शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही तसंच राहिलं तर आजार जुनाट धरतात. जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो जुनाट होतो. निरोगी प्रौढांमध्ये ५ टक्क्यांहून कमी जणांमध्ये. एक फसवी जागा लक्षात ठेवा: लसीतही हेच आवरण असतं. त्यामुळे डोस घेतल्यावर १८ दिवसांपर्यंत ही चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते.

अँटी-एचबीएस म्हणजे त्या आवरणाविरुद्धची अँटीबॉडी, म्हणजेच संरक्षण. आकडा १० किंवा जास्त हवा.

तिसरी ओळ, अँटी-एचबीसी टोटल (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी), बहुतेक वेळा मागवलीच जात नाही, आणि तीच सगळ्यात बोलकी असते. लसीत विषाणूचा गाभा नसतो. त्यामुळे ही अँटीबॉडी दिसली तर खरा विषाणू कधीतरी आत येऊन गेला, असा अर्थ. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि ही पॉझिटिव्ह असेल तर बहुधा माणूस बरा झालेला असतो, पण विषाणूचा साचा लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात झोपून राहिलेला असतो. केमोथेरपी, रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं एक औषध) किंवा मोठ्या डोसचे स्टिरॉइड सुरू झाले की तो उठतो. अशा उपचारांआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी दोन्ही तपासून घ्या, आणि जुना रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा.

पुढच्या तपासण्या आणि गोळ्या

एचबीव्ही डीएनए (म्हणजे व्हायरल लोड, रक्तातलं विषाणूचं प्रमाण), एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण), एसजीपीटी, प्लेटलेट, सोनोग्राफी आणि शक्य असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालं ते मोजणारी तपासणी). सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि डी. लॅब एसजीपीटी ४० पर्यंत नॉर्मल छापते. जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ ही मर्यादा धरते. त्यामुळे ठळक अक्षरात न छापलेला ३६ सुद्धा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एका आकड्यावर विसंबू नका. विषाणू कधी शांत असतो, कधी उसळतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी एसजीपीटी करून आकडे एकाखाली एक लिहून ठेवले, तरच चाल दिसते.

गोळ्या प्रत्येकाला लगेच लागत नाहीत. सिरॉसिस असेल, किंवा व्हायरल लोड आणि एसजीपीटी दोन्ही चढे असतील, तर लागतात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, रोज एक. एन्टेकाव्हिर उपाशीपोटी घ्यायची: जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास सोडून. टेनोफोव्हिरच्या जुन्या, ३०० मिलिग्रॅमच्या प्रकारात किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी झालीच पाहिजे. लपलेला एचआयव्ही असेल तर या एकट्या गोळीने तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गोळी मनाने बंद केल्याने. काही महिन्यांत रिपोर्टवर 'डीएनए आढळला नाही' येतं आणि माणसाला वाटतं, झालं काम. गोळी फक्त नव्या प्रती बनू देत नाही. केंद्रकातला साचा तिच्या आवाक्यात नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू उसळू शकतो, आणि सिरॉसिस असेल तर लिव्हर निकामी होण्यापर्यंत मजल जाते. गोळ्या संपण्याच्या दोन आठवडे आधीच पुढची तजवीज करून ठेवा.

दर सहा महिन्यांची सोनोग्राफी

लिव्हरचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून सिरॉसिस असलेल्या प्रत्येकाने, घरात कोणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल त्यांनी, आणि साधारणपणे चाळिशीनंतरच्या पुरुषांनी व पन्नाशीनंतरच्या स्त्रियांनी ही सोनोग्राफी चुकवू नये. गोळी चालू असली तरीही. गोळीने धोका घटतो, संपत नाही. एएफपी ही रक्तचाचणी जोडीला चालते, एकटी नाही, कारण बऱ्याच लहान गाठींमध्ये ती वाढतच नाही.

रिपोर्टमध्ये १ सेंटीमीटरपेक्षा लहान ठिपका लिहिला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बघतात. १ सेंटीमीटर किंवा मोठा असेल तर ट्रायफेजिक सीटी (रंगद्रव्य सोडून तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) किंवा एमआरआय. निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, तर गाठ धमनीच्या रक्तावर पोसते. त्यामुळे रंगद्रव्य सोडल्यावर गाठ आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळसर दिसते. सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हे दोन्ही स्पष्ट दिसलं तर बहुधा बायोप्सीचीही गरज पडत नाही. ३ सेंटीमीटरच्या आतली एकटी गाठ सुईने जाळता येते किंवा कापून काढता येते. पोटावर चरबी जास्त असल्याने लिव्हर नीट दिसलं नाही, तर तसं रिपोर्टमध्ये लिहून मागा. न दिसलेल्या लिव्हरचा 'नॉर्मल' काही कामाचा नाही.

घरातले

सोबत जेवणं, मिठी, खोकला यांतून हा पसरत नाही. ताट वेगळं करणं निव्वळ निरर्थक आहे. रेझर, टूथब्रश, नेलकटर आणि साखर तपासायची सुई मात्र वेगळी ठेवा. वाळलेल्या रक्तातही विषाणू ७ दिवस तग धरतो.

जोडीदार आणि घरच्यांची आधी तपासणी, मग लस: ०, १ आणि ६ महिने. मधला डोस राहिला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला घ्यायचा. मोठ्या माणसाला दंडात द्या. कुल्ल्याच्या चरबीत दिली तर प्रतिसाद कमी येतो. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवतात. एकदा गोठली की वाया गेली. जोडीदाराने शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस बघावं. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटला.

पॉझिटिव्ह आईच्या बाळासाठी घड्याळ बघून काम करावं लागतं. जन्मानंतर १२ तासांच्या आत लस एका मांडीत आणि इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन दुसऱ्या मांडीत. दोन्ही दवाखान्यात आधीच आणून ठेवली आहेत ना, हे प्रसूतीच्या आधी विचारा. रात्री-अपरात्री इम्युनोग्लोब्युलिन शोधत फिरण्यातच तास निघून जातात. आईचा व्हायरल लोड २ लाखांच्या वर असेल तर साधारण २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर देतात. स्तनपान चालतं. बाळाची चाचणी ९ ते १२ महिन्यांच्या वयात, लसीचे सगळे डोस झाल्यावर करा; लवकर केली तर इम्युनोग्लोब्युलिनमधून उसनी आलेली अँटीबॉडी दिसते आणि बाळाची स्वतःची आहे असं वाटून जातं.