गावरान, कडकनाथ, आरआयआर एकाच खुराड्यात कशा ठेवायच्या

परसात दहा-बारा कोंबड्या ठेवायच्या म्हटलं की एका जातीवर भागत नाही. अंड्यांसाठी ग्रामप्रिया नाहीतर आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), पिल्लं काढायला गावरान, आणि कडकनाथ तर घरात सगळ्यांनाच हवा असतो. एकत्र राहतात, छान राहतात, फक्त आणल्या आणल्या जुन्यांत सोडायच्या नाहीत.

पहिलं काम म्हणजे नवीन पक्षी निदान 3 आठवडे लांब ठेवायचे, भांडी वेगळी, आणि आधी जुन्यांचं खाणंपाणी करून मगच नव्यांकडे जायचं. बाजारातली कोंबडी वरून ठणठणीत दिसते पण मानमोडी (राणीखेत रोग) आली तर आख्खा खुराडा रिकामा होतो, म्हणून घेतानाच त्यावरची लासोटा आणि आर टू बी लस झालीय का ते विचारा, नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून घ्या.

मग वजन बघा. भांडणं जातीपेक्षा वजनामुळे जास्त होतात, वनराज-गिरिराज या जड जातींचा भारी कोंबडा आणि सव्वा-दीड किलोची कडकनाथ मादी यांची जोडी नीट जमत नाही, मादीची पाठ सोलून निघते. 8-10 माद्यांमागे एकच कोंबडा पुरे. असील मात्र यात घेऊच नका, ती झुंजीची जात आहे.

आता ओळख करून द्यायची. आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, एकमेकींना दिसल्या पाहिजेत पण चोच पोचता कामा नये. नंतर रात्री सगळ्या दांड्यावर बसल्या की अंधारातच नव्या उचलून शेजारी बसवा, एकटी कधीच नाही, दोन-तीन बरोबरच, आणि सकाळी उजाडायच्या आत तिथे हजर राहा. दोन-चार दिवस टोचाटोची होणारच, त्यात पडू नका, पण रक्त दिसलं की त्या कोंबडीला लगेच डालग्याखाली घ्या, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी लांब लांब ठेवा, म्हणजे दबलेलीलाही खायला मिळतं. दर पक्ष्यामागे निदान 2 चौरस फूट जागा हवी. गावरान, कडकनाथ उंच बसतात, वनराजला मात्र खालचाच दांडा द्या, उंचावरून उडी मारून जड पक्ष्याचे पाय दुखावतात. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, अंड्यावरच्या कोंबड्या हवा तेवढा खातात आणि लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य लहान पिल्लांना द्यायचं नाही, त्यातलं कॅल्शियम त्यांना झेपत नाही.

शुद्ध कडकनाथची पिल्लं हवी असतील तर माद्या फक्त कडकनाथ कोंबड्याबरोबर वेगळ्या करा आणि पहिल्या 3 आठवड्यांची अंडी खाऊन टाका, आधीच्या कोंबड्याचं बीज तेवढे दिवस मादीच्या पोटात टिकतं. त्यानंतरच्या अंड्यांवर पेन्सिलने तारीख घाला आणि 10-12 जमली की खुडूक (अंडी उबवायला) बसलेल्या गावरान कोंबडीखाली ठेवा.