चुनखडक कारखान्याच्या कामाचा आहे का, हे कसं पारखावं

मराठवाड्याची जमीन बहुतेक काळ्या बेसाल्टची. नाल्याकाठी, काळ्या मातीखाली ज्या पांढऱ्या गाठी दिसतात तो कंकर. त्यात माती मुरलेली असते, थर सलग नसतो. बांधकामाच्या चुन्याला तो चालतो, सिमेंटच्या कारखान्याला नाही. थरांचा चुनखडक पाहायचा तर नांदेडच्या किनवट बाजूला जावं लागतं.

जागेवर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. चुनखडक लगेच फसफसतो. डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला, चुनखडकासारखा दिसणारा दगड) पूड केल्यावर किंवा आम्ल गरम केल्यावरच. पण बेसाल्टच्या भेगांत कॅल्साइट (चुनखडकातलंच खनिज) असलं तरी फेस येतो, म्हणून ताजा फोडलेला तुकडा भिंगाखाली पाहा.

सगळा घोळ होतो तो नमुन्यात. लोक पांढराशुभ्र दगड वेचून प्रयोगशाळेत देतात आणि अहवाल सुंदर येतो. नमुना थराला आडवा, खालपासून वरपर्यंत घ्या: झिजलेला पापुद्रा काढा, १० सेंमी रुंद, ५ सेंमी खोल चर पाडा, प्रत्येक मीटरचा माल वेगळ्या पिशवीत भरा. मधली मातकट पट्टी सोडू नका आणि नमुना धुऊ नका, माती वाहून जाते. बोअरच्या गाभ्यातही (छिद्रातून निघणाऱ्या दगडाच्या दांड्यातही) हीच फसगत होते: मऊ थर पाण्याबरोबर जातो, कठीण तेवढा हाती लागतो. म्हणून किती मीटर खोदलं आणि किती गाभा मिळाला, दोन्ही लिहा.

१० ग्रॅम वाळलेली पूड फेस थांबेपर्यंत आम्लात विरघळवा. गाळून वाळवल्यावर २ ग्रॅम उरलं, तर २० टक्के माती-वाळू आहे. शुद्ध चुनखडक भाजल्यावर ४४ टक्के वजन गमावतो, उरतो ५६ टक्के चुना. मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड, सिमेंटला फार चालत नाही) मात्र प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. एक टन क्लिंकरला (भट्टीत भाजून निघालेल्या, दळून सिमेंट करायच्या गोळ्यांना) साधारण दीड टन दगड लागतो, म्हणजे दगडातलं ४ टक्के मॅग्नेशिया क्लिंकरमध्ये ६ टक्क्यांच्या घरात जातं. साखर कारखान्याच्या चुन्यात तर मॅग्नेशिया आणि सिलिका दोन्ही कमीच हवीत, नाहीतर रस आटवण्याच्या भांड्यांत कीट धरतं.

साठ्याचा हिशेब क्षेत्र, जाडी आणि घनता यांच्या गुणाकाराने होतो. ५ हेक्टर, सरासरी ८ मीटर जाडी, घनता घनमीटरला २.६ टन धरली तर १०.४ लाख टन. पोकळ्या, मातीचे खिसे आणि बांधाजवळ सोडायचा दगड यातून वजा करा. काहीच वजा केलं नाही तरी क्लिंकर ७ लाख टनांच्या आतच. वर्षाला १० लाख टन क्लिंकर काढणाऱ्या कारखान्याला हा साठा वर्षभरही पुरणार नाही.