परसातला वाल पुढच्या वर्षीही हवा असेल तर

आमच्या कुंपणावर जांभळ्या शेंगांचा वाल असायचा. आई दर जूनला लावायची. तिच्यामागे मी दोन वर्षं लावला, तिसऱ्या वर्षी बी उगवलंच नाही. चूक माझीच होती. चांगल्या शेंगा मी भाजीला तोडल्या आणि शेवटी वेलावर उरलेल्या किडक्या, पोचट शेंगा बियाण्याला ठेवल्या. आई नेमकं उलट करायची. परसबागेत गावठी वाण टिकवायचं म्हणजे मुख्यतः हेच: आधी बियाण्याचं, मग पोटाचं.

१. बी मिळवा
पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल तर ते बी या कामाचं नाही. त्याचं बी धरून लावलं, तर पुढच्या पिढीत दहा झाडं दहा तऱ्हांची निघतात. गावाकडच्या घरी किंवा आठवडी बाजारात परसातला वाटाभर माल घेऊन बसलेल्या मावशींना विचारा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी बियाणी जमवून घरी बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी घेताना नाव, गाव, पेरायची वेळ आणि शिजवायची रीत लिहून घ्या. रीत हवीच, खायचं कसं तेच विसरलं, तर कोण कशाला लावेल?

२. सोप्यापासून सुरुवात करा
वाल, चवळी, घेवडा, टोमॅटो यांचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, म्हणून वाण फारसं भेसळत नाही. पाच-सहा वेल असले तरी परसाला पुरतात. मिरची, वांगी, भेंडीवर मधमाश्या फिरतात, तेव्हा एका वर्षी त्या भाजीचं एकच वाण लावा.

गावठी वालाला धीर लागतो. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. सप्टेंबरात नुसताच पाला माजलेला पाहून लोक खत घालतात, नाहीतर वेलच उपटतात. थांबा. थंडी पडली की तुरे येतात.

३. वेलभाज्यांचं लग्न तुम्ही लावा
दोडका, काकडी, दुधी यांत नर आणि मादी फुलं वेगळी. शेजारच्या गच्चीवर दुसरं वाण असेल, तर मधमाशी भेसळ करणारच. दोडक्याचं उदाहरण घेऊ. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात (घोसाळ्याची सकाळी). मादी कळीमागे इवलासा दोडका असतो, नराच्या मागे नुसता देठ. मधमाशी आधी आत शिरू नये म्हणून दुपारीच, उमलायला आलेली एक मादी आणि दोन नर कळ्या टोकाशी दोऱ्याने अलगद बांधा. संध्याकाळी नर तोडून त्याच्या पाकळ्या काढा, पराग मादीच्या मधोमध फिरवा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. देठाला लाल दोरा हवाच. नाहीतर घरातलं कोणीतरी तोच दोडका भाजीला तोडतं, हे ठरलेलं.

ज्या वेलाचा दुधी किंवा काकडी कडू लागली, त्याचं बी धरू नका. कडू दुधी तर खाऊच नका, त्याने विषबाधा होते.

४. बियाण्याचा वेल आधीच ठरवा
निरोगी, भरपूर लागणाऱ्या वेलाला हंगाम ऐन भरात असतानाच चिंधी बांधा. त्याच्या भरदार शेंगा वेलावरच वाळू द्या. हलवल्या की खुळखुळल्या पाहिजेत. दोडकाही तसाच वेलावर वाळवा. वांगं पिवळं पडेपर्यंत, मिरची लाल होईपर्यंत ठेवा. टोमॅटोचा बियांसकट गर दोन-तीन दिवस वाटीत आंबवा, म्हणजे बीभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुऊन ताटलीत पसरा. कागदावर बी चिकटून बसतं.

५. वाळवण आणि साठवण
बी सावलीत, वाऱ्यावर वाळवा. वालाचा दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. नुसता दात रुतला, तर आणखी चार दिवस ठेवा. मग चाळलेली, पूर्ण थंड झालेली राख चोळून बाटलीत घट्ट बंद करा. राखेमुळे भुंगेऱ्यांना आळा बसतो. चिठ्ठीवर वाणाचं नाव, साल आणि बी कोणाकडून आलं ते लिहा. मे अखेरीस दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा. सात-आठांना मोड आले तर बी चांगलं, चारांनाच आले तर दुप्पट पेरा.

६. वाटा
एकाच घरात ठेवलेलं बी उंदराच्या एका रात्रीत संपतं. किमान तीन घरी द्या. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी जपण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदवलेल्या वाणाचं बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही.

माझा जांभळा वाल परत आला तो शेजारच्या काकूंच्या डब्यातून. आईने कधीतरी त्यांना ओंजळभर दिला होता. डब्यावर चिठ्ठी नव्हती, पण झाकण उघडताच काकू म्हणाल्या, "हा तुमच्याकडचाच. पण या खेपेला सगळा खाऊन टाकू नकोस."