आरोप झाल्यावर उमेदवार हमखास करतात त्या चुका, या टाळा

दर निवडणुकीला तेच बघतोय. समोरच्यानं जुना कागद काढला की आपला उमेदवार तासाभरात फेसबुक लाईव्हवर, तापलेला, आणि पहिलंच वाक्य 'हे सगळं खोटं आहे'. अरे भावा, आधी कागद तरी वाच!

मागं कोल्हापुरात एकाचं असंच झालं, नाव नको. पतसंस्थेची थकबाकीची नोटीस संध्याकाळी तालमींच्या ग्रुपवर फिरली. खरं तर हा नुसता जामीनदार, हप्ते मित्रानं थकवलेले. एवढं सरळ सांगितलं असतं तर शिवाजी पेठेतल्या कुठल्याबी कट्ट्यावर लोकांनी समजून घेतलं असतं, जामीन राहून अडकलेला माणूस इथं घरटी सापडतोय. पण यानं मिरजकर तिकटीला उभं राहून सांगितलं, 'माझ्यावर एक रुपया कर्ज नाही.' सकाळी विरोधकांनी त्यानं उमेदवारी अर्जाबरोबर दिलेल्या शपथपत्राचं पान टाकलं, घराचं कर्ज त्यात त्यानंच लिहिलेलं, खाली सही त्याचीच. नोटीस राहिली बाजूला, प्रचार संपेपर्यंत दारात गेलं की म्हाताऱ्या बायका विचारायच्या, 'कर्ज न्हाई म्हणालास न्हवं, मग हे काय रं?'

म्हणून माझी सवय अशी की फॉर्म भरायच्या आधीच उमेदवाराला बायको आणि थोरल्या भावासमोर बसवून सगळं विचारायचं, केसेस, थकबाकी, घरपट्टी, भाऊबंदकीचे दावे. एकटा असला की लपवतोय. झेरॉक्सची फाईल माझ्याकडं. आरोप आला की आधी शपथपत्र उघडायचं, मग चार ओळी हातानं लिहायच्या, काय झालं, कागद कुठला, आता काय स्थिती. त्याच ओळी सगळ्यांनी बोलायच्या. नवीन पोरांना एवढा दम नसतोय, त्यांना लगेच रील पाहिजे.

गुन्हा असेल तर लपवूच नका. विधानसभा-लोकसभेला प्रलंबित खटले नमुना 26 मध्ये, म्हणजे शपथपत्राच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये, लिहावेच लागतात, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानंतर प्रचाराच्या काळात पेपर आणि टीव्हीवर तीनदा जाहीरही करावे लागतात. माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विरोधक बोलायच्या आधी तुम्हीच सांगा, आंदोलनातला गुन्हा असेल तर कुठलं आंदोलन तेही सांगा.

उलट आरोप करणाऱ्याच्या घरातल्यांवर घसरणं, हे तर मला अजिबात चालत नाही. बायकापोरांचा काय संबंध? आणि समोरच्या उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं माहीत असून छापलं तर ते त्याच कायद्याच्या कलम 123(4) खाली भ्रष्ट आचरण, निकालानंतर 45 दिवसांत याचिका पडली आणि सिद्ध झालं तर निवडून आलेली सीट जाते.

'अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो' म्हणून ओरडायचं आणि ठोकायचा नाही, हेबी बंद करा.

कार्यकर्त्यांना कमेंटमध्ये भांडायला सोडू नका.

आरोप अगदी शेवटच्या रात्री आला तर सभा घेता येत नाही, विधानसभा-लोकसभेला मतदान संपायच्या आधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद असतोय. तेव्हा त्या चार ओळी आणि कागदाची झेरॉक्स बूथवरच्या प्रत्येक पोराच्या खिशात आधीच पाहिजे.