इंजिनांच्या स्पर्धेत सगळ्यांसाठी एकच ओपनिंग बुक लावायचं तर

फोंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. श्रावणात गिऱ्हाईक थंडावतं, तेव्हा मागच्या खोलीत दोन जुन्या पीसींवर मी पोरांनी स्वतः लिहिलेल्या बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांची, स्पर्धा लावतो. पहिल्या वर्षी नियम केला, सगळ्यांना एकच ओपनिंग बुक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार खेळ्यांचा संग्रह. सारखं वाटलं की भांडण नाही, असा माझा हिशेब. मिरची भजी गार व्हायच्या आत भांडण लागलं.

ते बुक मी एका स्पर्धकाकडूनच घेतलं होतं. त्याचं इंजिन महिनोन्‌महिने त्यातल्याच लाइन्सवर, म्हणजे खेळ्यांच्या ठरलेल्या क्रमांवर, घासलेलं. डिचोलीहून आलेली मुलगी म्हणाली, "काका, पंगत एकच, पण वाढपी त्याच्या घरचा." काय बोलणार?

तेव्हा पहिली गोष्ट, बुक स्पर्धेबाहेरच्या माणसाकडून घ्या. त्याही आधी मोजायचं काय ते ठरवा. गोव्यात २०२५ साली विश्वचषक झाला, तिथे खेळाडू दोन डाव रंग बदलून खेळत, पण सुरुवात ज्याची त्याची, घरून तयार करून आणलेली. इंजिनांनाही स्वतःचं बुक आणू देता येतं. मग मात्र बुक लिहिणाऱ्याची मेहनतही गुणांत धरली जाते. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानं कास्पारोव्हविरुद्ध सहाव्या डावात आठव्या खेळीला ई६ वर घोडा दिला, ती खेळी बुकातून आलेली होती. मला पोरांच्या इंजिनांचा शोध (पुढच्या चाली धुंडाळणं) आणि मूल्यमापन (कोण वरचढ ते जोखणं) तपासायचं असतं, म्हणून मी बुक सामायिक ठेवतो.

लाइन आठ खेळ्यांवर तोडा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा चाली. वीस खेळ्यांचं बुक दिलंत तर निम्मा डाव इंजिनानं खेळलेलाच नसतो. मग दुहेरी लाइन्स काढा. इथे बहुतेक जण फसतात. एका लाइनमध्ये पांढरा डी४, काळा घोडा एफ६, मग सी४ आणि ई६. दुसरीत आधी सी४, ई६, मग डी४ आणि घोडा एफ६. वाचायला वेगळ्या, पटावर जागा तीच. शेवटच्या स्थितीची फेन ओळ, म्हणजे पटाची स्थिती एका ओळीत लिहिलेली, घ्या आणि तिचे पहिले चार भागच जुळवा: मोहरी, चाल कोणाची, कॅसलिंगचे (राजा-हत्तीच्या एकत्र चालीचे) हक्क, आँ पासाँ (दोन घरं चाललेलं प्यादं जाता जाता मारता येण्याचं घर). पुढचे दोन आकडे फक्त चाली मोजतात, ते जुळवायला गेलात तर जुळी सुटून जातात.

उरलेली प्रत्येक स्थिती स्पर्धेत नसलेल्या तिसऱ्या इंजिनाला दाखवा. घरगुती इंजिनांसाठी त्याच्या मोजणीत एका बाजूला अर्ध्या प्याद्याच्या किमतीहून जास्त झुकलेलं सगळं मी फेकतो. ती एवढ्या चुका करतात की समतोल जागेतूनही निकाल निघतो. तगड्या इंजिनांचं उलटं आहे. समतोल जागा दिली की बरोबरी, परत बरोबरी. म्हणून स्टॉकफिश या तगड्या इंजिनाच्या चाचण्यांत मुद्दाम पांढऱ्याकडे झुकलेली, यूएचओ नावाची बुकं वापरतात. पण फारच झुकवलंत तर पांढरा दोन्ही डाव जिंकणार आणि जोडी एक-एक अशी सुटणार. वीज जळाली, कळलं काहीच नाही.

जोडी हा खरा कणा आहे. प्रत्येक लाइन दोनदा, रंग बदलून. टीसीईसी या इंजिनांच्या मोठ्या ऑनलाइन स्पर्धेतही तसंच खेळवतात. इंजिनांचे सामने लावणाऱ्या क्यूटचेस प्रोग्राममध्ये त्यासाठी 'रिपीट' पर्याय आहे. एवढंही पुरत नाही. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं असेल तर लाइन्सचा तोच संच प्रत्येक सामन्याला द्या. नाहीतर एकाच्या वाट्याला मारामारीचं सिसिलियन आणि दुसऱ्याच्या वाट्याला झोपाळू एक्स्चेंज फ्रेंच अशी सुरुवात येते.

लाइन्सचा क्रम मी स्वतः लावत नाही. बुकाची फाइल कुलपात ठेवतो, तिचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलीत एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा, आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवतो. स्पर्धेच्या सकाळी पोरं रस्त्यावर उभी राहतात आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या कदंब बसच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे रँडम सीड म्हणून घालतात, त्यावरून कॉम्प्युटर क्रम पिसतो. फाइल उघडली की ठसा ज्यानं त्यानं जुळवून बघायचा. गंमत वाटते, पण माझ्यावर बोट दाखवायला जागा उरत नाही.

इंजिनाचं स्वतःचं बुक बंद आहे का, हे तोंडी विचारू नका. यूसीआयमधला (इंजिनाशी बोलायच्या ठरलेल्या भाषेतला) 'ओनबुक' पर्याय स्वतः बंद करा, इंजिनानं आधीच्या डावांतून शिकून ठेवलेल्या फाइली पुसा, आणि तरी लॉग, म्हणजे प्रत्येक चालीच्या वेळेची नोंद, बघा. एकदा नवव्या खेळीपासून तेराव्यापर्यंत एका इंजिनाचा वेळ सरळ शून्य, चौदाव्याला एकदम अकरा सेकंद. त्या पोराला हाक मारली तर तोच चकित! बुक कोडमध्ये कधीतरी टाकून तो विसरला होता. ते काढून त्याच्या सगळ्या जोड्या पुन्हा खेळवल्या.

आता लाइट. ती जाणारच, यूपीएस दहा मिनिटं धरतो. जोडीतला दुसरा डाव अर्धवट राहिला तर तो त्याच लाइनवरून पहिल्यापासून, आणि खेळवताच आला नाही तर पहिलाही रद्द. गेल्या वर्षी डिचोलीची तीच मुलगी एका हत्तीनं वर होती आणि अंधार झाला. लाइट आल्यावर डाव परत लावला, बरोबरी सुटली. तासभर ती माझ्याशी बोलली नाही. नंतर पुढच्या जोडीचा लॉग वाचायला स्वतःच स्टूल ओढून बसली.